ओमानचे गुलाबपाणी आणि फ्रान्सची ब्रँडी



आपल्या पिढीच्या घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर दोन बाटल्या हमखास सापडत. एक ब्रँडीची. ती पिण्यासाठी नसे, औषधासाठी असे. निदान चारचौघांत तसेच सांगितले जाई. लहान मुलाला पडसे झाले की छातीला चोळायला आणि म्हाताऱ्या माणसाला हुडहुडी भरली की चमचाभर गरम पाण्यातून. दुसरी बाटली गुलाबपाण्याची. लग्नात गुलाबदाणीतून पाहुण्यांवर शिंपडायला, गोडधोडात चार थेंब घालायला, आणि कोणाचे डोके दुखले तर कपाळावर पट्टी ठेवायला. एक बाटली पुरुषांच्या ताब्यात, दुसरी बायकांच्या. पण या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, एकाच भांड्यातून जन्मलेल्या आहेत, हे आपल्याला फारसे कोणी सांगितले नाही.

शाळेत आपण ‘ऊर्ध्वपातन’ हा अवघड शब्द पाठ केला. त्याचा अर्थ सोपा आहे. पातळ पदार्थ तापवून त्याची वाफ करायची, ती वाफ थंड करून पुन्हा पातळ करायची, आणि जे वाफेबरोबर वर चढत नाही ते खालीच राहू द्यायचे. वाइन तापवली तर वर मद्यार्क येतो, त्याची ब्रँडी. गुलाबाच्या पाकळ्या तापवल्या तर वर वास येतो, त्याचे गुलाबपाणी. मस्कतला नोकरीस असलेल्या नात्यातल्या मंडळींनी मुंबईमार्गे आम्हाला ओमानच्या डोंगरावरील गुलाबपाण्याची एक बाटली पाठवली. रंग चहासारखा, वास गुलाबाचा पण त्यात चुलीचा धूर. अशी बाटली आम्ही पूर्वी पाहिली नव्हती. तिची माहिती मिळवता मिळवता आम्ही फ्रान्सच्या ब्रँडीपर्यंत जाऊन पोहोचलो. तीच माहिती येथे देत आहोत.

आधी शब्दांकडे पाहू, कारण जुन्या मास्तरांची ती खोड आहे. आपण ‘अर्क’ म्हणतो, तो या अर्थाने अरबी भाषेतून आला. अरबीत ‘अरक’ म्हणजे घाम. तापलेल्या भांड्याच्या झाकणाला आतून जे थेंब सुटतात ते घामासारखेच दिसतात, म्हणून ते नाव. ‘गुलाब’ हा शब्द फारसी, आणि गंमत अशी की त्याचा मूळ अर्थ फूल असा नाहीच. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हेच मुळी गुलाबपाणी. आपल्याकडे पाण्याचे नाव फुलाला लागले आणि मग पाण्याला पुन्हा ‘पाणी’ जोडावे लागले. ओमानी लोक ‘मा वर्द’ म्हणतात, आणि आपल्या येथील दुकानांत बाटलीवर ‘मेइ वरादीम’ असे छापलेले असते. कानाला ऐकू येईल की दोन्ही एकच. ब्रँडीचेही तसेच. डच भाषेत ‘ब्रांडेवाइन’ म्हणजे जाळलेली वाइन. त्यावरून इंग्रजांनी ब्रँडी केले. हिब्रूत कडक मद्याला ‘याइन सारूफ’ म्हणत, म्हणजे पुन्हा जाळलेली वाइनच. त्याचेच आद्याक्षरांनी ‘याश’ झाले.

आता डोंगराकडे. मस्कतपासून नैऋत्येस गाडीने दोनेक तासांवर निझवा हे जुने राजधानीचे गाव आहे. त्याच्या जवळ बिरकत अल मौझ म्हणून केळीखजुरीच्या बागांचे गाव लागते आणि तेथून घाट चढतो. तो डोंगर म्हणजे जबल अख्दर, हिरवा डोंगर. नावावरून आपल्या सह्याद्रीसारखी झाडी डोळ्यांसमोर आणू नये. उघडा खडक, आणि दरीच्या कडेला पायऱ्या पायऱ्यांची शेते, तेवढीच हिरवी. वर सैक नावाचे पठार आहे, ते समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंच. महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर, त्याहूनही वर. त्यामुळे खाली मस्कतमध्ये अंगाची लाही होत असताना येथे डाळिंब, अक्रोड, जर्दाळू आणि द्राक्षे पिकतात. चौकीवर चारही चाकांना जोर असलेली गाडी आहे की नाही हे पाहूनच वर सोडतात.

गुलाब आहे तो दमास्कसचा, फिकट गुलाबी, बारीक, भरपूर पाकळ्यांचा. दिसायला आपल्या बागेतल्या गुलाबापुढे अगदीच साधा, पण वास त्याचाच. तो इराणातून आला असे तेथील लोक सांगतात. अल अक्र, अल ऐन, अश शुरैजा ही गावे या गुलाबांची. पाणी मिळते ते ‘फलज’ नावाच्या पाटांतून. डोंगराच्या पोटातील झरा शोधून त्याचे पाणी दगडी पाटाने उतारावर फिरवायचे आणि प्रत्येक शेताची पाळी घड्याळाप्रमाणे बांधून द्यायची, अशी ही शेकडो वर्षांची व्यवस्था आहे. २००६ साली युनेस्कोने ओमानमधील अशा पाच फलजांना जागतिक वारशात घेतले. त्यांतला अल खतमैन नावाचा फलज बिरकत अल मौझमध्येच आहे.

फुले येतात ती मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत. म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण पेसाहपासून शाबुओथपर्यंत, ओमेर मोजण्याचे दिवस. इराणी यहुदी शाबुओथला ‘मोएद गोल’, फुलांचा सण, म्हणतात, तो याच ऋतूमुळे असावा असे आम्हाला वाटते. फूल तोडायचे ते पहाटे, ऊन चढण्याच्या आत. ऊन लागले की वास हवेत निघून जातो आणि भट्टीत नुसत्या पाकळ्या जातात. घरची सर्व माणसे झोळ्या बांधून उतरतात, आणि तोडलेली फुले शक्यतो त्याच दिवशी चुलीवर चढतात.

ही चूल पाहण्यासारखी असते. दगडमातीची लांबट भिंत समजा, तिला वर ओळीने भोके आणि खाली जाळाची जागा. तिला ‘दहजान’ म्हणतात. प्रत्येक भोकात एक मातीचे मडके बसवलेले, त्याचे नाव ‘बुरमा’. मडक्यात पाकळ्या भरतात. त्या पाकळ्यांच्या मधोमध, आतल्या आत, एक तांब्याचे लहान भांडे ठेवतात. मग मडक्याच्या तोंडावर गोल बुडाचे दुसरे तांब्याचे भांडे बसवतात, त्यात थंड पाणी ओततात आणि सांधा घट्ट करतात. खाली जाळ. पाकळ्या तापल्या की वाफ वर जाते, वरच्या थंड भांड्याच्या बुडाला लागते, तिचे थेंब होतात, आणि बुड गोल असल्यामुळे थेंब घरंगळत मध्यभागी येऊन खालच्या भांड्यात टपकतात. नळी नाही, तोटी नाही. वरचे पाणी कोमट झाले की बदलायचे, पाकळ्यांचा दम संपला की त्या काढून नव्या घालायच्या. असे काही वेळा केले की आतले भांडे भरते.

आपल्या भगिनी म्हणतील, हे तर घरी होण्यासारखे आहे. आहेच. मोदकपात्राचे झाकण उघडताना जे पाणी हातावर पडते ते याच नात्याचे.

येथे एक शंका शहाण्या विद्यार्थ्याने काढावी. गुलाबाच्या तेलातले घटक उकळायला २०० अंशांच्या वर उष्णता लागते. मग पाण्याबरोबर ते वर कसे चढतात? उत्तर असे की पाण्याची वाफ त्यांना आपल्याबरोबर थोडे थोडे उचलून नेते, जसा गर्दीत एखादा माणूस स्वतः न चालताही पुढे सरकतो. आणि डोंगरावर पाणी १०० अंशांना उकळतच नाही. २००० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने सुमारे ९३ अंशांनाच उकळते. फुलाला तेवढा चटका कमी. वर चढलेल्या वासापैकी जो पाण्यात विरघळतो तो गुलाबपाण्यात राहतो. जो विरघळत नाही तो तेल होऊन वर तरंगतो. तेच खरे गुलाबाचे अत्तर. एक किलो तेलाला सुमारे तीन ते चार हजार किलो फुले लागतात, म्हणून ते सोन्याच्या भावाने विकते. ओमानच्या या गावांत तेलाच्या मागे कोणी लागत नाही, पाणीच हवे असते.

निघालेले पाणी लगेच बाटलीत भरत नाहीत. ते मातीच्या मोठ्या रांजणात ओतून महिनाभर, कधी त्याहूनही अधिक, थंड जागी स्वस्थ ठेवतात. गाळ खाली बसतो आणि धुराचा तिखटपणा निवतो. मडक्यात तापताना काही पाकळ्या बुडाशी करपतात, त्यामुळे रंग तपकिरी आणि वास धुरकट. बाजारातले पांढरेस्वच्छ गुलाबपाणी पाहण्याची सवय झालेल्याला हे जळलेले वाटेल. ओमानी माणसाला मात्र तोच खरा वास वाटतो.

हे भांडे शोधले कोणी? येथे आपल्याला थोडा अभिमान बाळगता येईल. इजिप्तमधील पॅनोपोलिस गावचा झोसिमोस हा किमया करणारा पंडित इ. स. ३०० च्या सुमारास होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथांत वारंवार एका स्त्रीचा दाखला दिला आहे, तिचे नाव मारिया, आणि जगात ती ‘यहुदी मारिया’ म्हणूनच ओळखली जाते. तिचे स्वतःचे लिखाण उरले नाही. जे कळते ते झोसिमोसमुळे. तीन नळ्यांचे ऊर्ध्वपातनाचे यंत्र कसे करावे हे तिने सांगितले, आणि नळ्यांचा तांब्याचा पत्रा तळणीच्या तव्याइतका जाड असावा असेही. स्वयंपाकघरातले माप देणारी ही बाई आम्हाला फार आवडली. ज्या पातेल्यात पाणी उकळून त्यावर दुसरे पातेले ठेवतात, जसे आपण चॉकलेट वितळवताना करतो, त्याला फ्रेंच लोक आजही ‘बेन मारी’, मारियाचे स्नान, म्हणतात. पुढे अरबांनी हे यंत्र सुधारले. नवव्या शतकात बगदादच्या अल किंदीने सुगंधी अर्कांवर ग्रंथ लिहिला. यंत्राच्या टोपीला अरबीत ‘अल अंबीक’ म्हणत. तोच शब्द युरोपात गेला आणि फ्रान्समध्ये ब्रँडीच्या भट्टीला अजून ‘अलांबिक’च म्हणतात. मराठीत आपण त्याला भबका म्हणतो.

म्हणजे मद्य न पिणाऱ्यांचे यंत्र मद्य करणाऱ्यांकडे गेले. पाहू तिकडे काय झाले.

फ्रान्सच्या नैऋत्य भागात शारांत नदीकाठी कोन्याक नावाचे लहान गाव आहे. फक्त त्या मुलखातील ब्रँडीलाच कोन्याक म्हणता येते. बाकी सर्व नुसती ब्रँडी. तेथील पांढरी द्राक्षे खायला आंबट आणि त्यांची वाइन पातळ, जेमतेम ९ टक्के मद्यार्काची. जेवणाला ती कोणी घेणार नाही. पण भबक्यासाठी अशीच हवी, कारण आंबटपणा तिला भट्टीपर्यंत टिकवतो. ही वाइन तांब्याच्या मोठ्या कांद्याच्या आकाराच्या भांड्यात दोनदा गाळतात. पहिल्या वेळी सुमारे ३० टक्क्यांचा गढूळ अर्क मिळतो. दुसऱ्या वेळी खरे कसब. सुरुवातीला जे येते ते उग्र, त्याला ‘डोके’ म्हणतात. शेवटी येते ते जड, ते ‘शेपूट’. दोन्ही बाजूला काढून मधले ‘काळीज’ तेवढे ठेवायचे. ते सुमारे ७० टक्क्यांचे, पाण्यासारखे रंगहीन. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १०० ला, या फरकावर सारा धंदा उभा आहे. तांबे का, तर ते उष्णता सारखी पसरवते आणि वाइनमधील गंधकाचे वाईट वास धरून ठेवते. दरवर्षी ३१ मार्चच्या आत गाळणे पुरे करावे लागते आणि १ एप्रिलपासून ब्रँडीचे वय मोजू लागतात.

वय चढते ते ओकच्या लाकडी पिंपात. लाकडातून रंग उतरतो, हलका व्हॅनिलासारखा वास उतरतो, लाकडाच्या छिद्रांतून हवा आत जाते आणि उग्रपणा हळूहळू मोडतो. त्याच छिद्रांतून दरवर्षी सुमारे २ टक्के ब्रँडी उडूनही जाते. फ्रेंच लोक त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. हिशोब करून पाहावा: २५ वर्षांत पिंपाचा सुमारे चाळीस टक्के भाग देवदूतांना, आणि ५० वर्षांत निम्म्याहून बराच अधिक. त्या वाफेवर एक काळी बुरशी वाढते आणि कोन्याक गावातील गोदामांची छपरे काळी पडतात. जकातवाल्याला ब्रँडी कोठे लपवली आहे हे छप्पर पाहून कळत असेल. पन्नाससाठ वर्षांनी लाकडाकडे देण्यासारखे काही उरत नाही. मग ती ब्रँडी काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरून तळघराच्या ज्या कोपऱ्यात ठेवतात त्याला ‘पॅराडी’, गान एदेन, असे नाव आहे.

बाटलीवरची इंग्रजी अक्षरे अनेकांना कोडे वाटतात. व्ही.एस. म्हणजे मिश्रणातील सर्वांत कोवळी ब्रँडी निदान २ वर्षे पिंपात होती. व्ही.एस.ओ.पी. म्हणजे निदान ४ वर्षे. एक्स.ओ. म्हणजे २०१८ पासून निदान १० वर्षे. कोन्याक बहुतेक अनेक सालांचे मिश्रण असते. एकाच सालाच्या द्राक्षांची असेल तर त्याला व्हिंटेज म्हणतात. कोन्याकमध्ये ती विरळा, शेजारच्या आर्मान्याक मुलखात मात्र पुष्कळ.

आता मुख्य गोष्ट, जी ध्यानात ठेवल्यास पैसे वाचतील. ब्रँडी फक्त लाकडात म्हातारी होते, काचेत नाही. १९६५ सालची ब्रँडी १९८५ मध्ये बाटलीत भरली असेल तर ती २० वर्षांची, आणि आज उघडली तरी २० वर्षांचीच. तीच २०१५ मध्ये भरली असती तर ५० वर्षांची. म्हणून सालाबरोबर बाटलीत भरल्याचे सालही वाचावे. आपल्यापैकी कित्येकांनी मुलाच्या बार मिस्वाला आलेली ब्रँडी ‘जुनी होऊ दे’ म्हणून शोकेसमध्ये ठेवली आहे आणि आता तो मुलगा आजोबा झाला आहे. बाटली बूच लावून उभी ठेवली असेल तर बिघडलेली नसेल, पण सुधारलेलीही नसेल. उघडावी.

गुलाबपाण्याला एवढाही धीर नाही. रांजणातला महिना दीड महिना एवढेच त्याचे वाढण्याचे वय. पुढे वास उतरतच जातो. म्हणून ओमानात कोणी वीस वर्षांपूर्वीच्या गुलाबपाण्याची बढाई मारत नाही. यंदाचे की गेल्या वर्षीचे, एवढेच विचारतात.

ओमानच्या या डोंगरावर द्राक्षे होतात हे वर आलेच आहे. मग तेथे वाइन होत नव्हती काय? होत होती. मुंबईच्या इंडियन नेव्हीतील लेफ्टनंट वेलस्टेड हा १८३५-३६ मध्ये ओमानात फिरला आणि जबल अख्दर चढला. १८३८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तेथील बनी रियाम टोळीचे लोक आपल्या द्राक्षांची वाइन करून उघडपणे पितात असे लिहिले आहे. आज तसे काही नाही, गुलाब राहिला. त्याच पुस्तकात मस्कतमधील यहुद्यांचीही हकिकत आहे. बगदादचा दाऊद पाशा याच्या जुलमाला कंटाळून १८२८ च्या सुमारास बरेच यहुदी मस्कतला आले होते. त्यांना अंगावर वेगळी खूण बाळगावी लागत नसे, वेगळ्या वस्तीत राहावे लागत नसे. कोणी चांदीचे दागिने घडवी, कोणी सराफी करी आणि थोडे जण मद्य विकीत. वेलस्टेड त्यांना ‘बेने इस्राएल’ म्हणतो, ते वाचून आम्ही चमकलो; पण तो शब्द तो सर्वच यहुद्यांना वापरतो. आपले लोक ते नव्हेत. त्याच जुलमाच्या वाऱ्याने पुढे ससूनचे घराणेही मुंबईस आले.

तरी कोकणचा आणि ओमानचा संबंध फार जुना. रेवदंड्याला लागून असलेल्या चौल बंदरात इ. स. ९१६ च्या सुमारास अल मसूदी हा अरब प्रवासी आला होता. ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी तेथे मोठ्या संख्येने वस्ती करून आहेत असे त्याने नमूद केले. आपल्या पूर्वजांची गावे तेथून हाकेच्या अंतरावर. खजूर, लोबान आणि गुलाबपाणी याच समुद्रावरून येत असणार. लोबान म्हणजे आपल्या शास्त्रातील ‘लेवोना’, तो ओमानच्याच दक्षिणेस धोफारमध्ये झाडाच्या सालीतून पाझरतो. रांबामने बाराव्या शतकात सुगंधांच्या ब्राखांचे नियम सांगताना गुलाब, गुलाबाचे पाणी आणि लेवोना ही तिन्ही एकाच ओळीत घेतली आहेत; तिघांनाही ‘बोरे अत्से बेसामीम’ हीच ब्राखा. हवदालाला गुलाबपाणी घेणारी कुटुंबे याच आधाराने घेतात.

कोकणात द्राक्षवेली नव्हत्या. म्हणून आपल्याकडे किद्दुशला काळ्या मनुका भिजवून, उकळून सरबत केले जाई. ब्रँडी तर इंग्रजांच्या पलटणीतून आली. गुलाब मात्र मलिद्याच्या ताटात आधीपासूनच होता. आणि ओमानी लोकांच्या हलव्याबद्दल वाचले तेव्हा तर आम्हाला रोश हाशानाची आठवण झाली. पिठूळ, साखर, तूप, केशर, वेलदोडे, सुकामेवा आणि गुलाबपाणी, हे सारे तांब्याच्या मोठ्या कढईत दोन तासांवर सारखे ढवळत राहायचे. आपला गव्हाच्या चिकाचा हलवा असाच हात मोडेपर्यंत ढवळावा लागतो. त्यांच्याकडे तूप, आपल्याकडे नारळाचे दूध, म्हणून आपला मांसाहाराच्या जेवणानंतरही चालतो. ओमानात पाहुणा आला की हा हलवा आणि कहवा पुढे येतो, आणि कहव्यातही काही घरी गुलाबपाण्याचे थेंब असतात.

आता त्या डोंगरावर बदल होत आहे. पूर्वी डोंगरावरचेच लाकूड जाळीत. आता बहुतेक दहजानांखाली गॅसची शेगडी असते. काही घरांनी तर मातीची मडकी काढून स्टीलचे भबके आणले आहेत. त्यात पाणी वेगळे, पाकळ्या वेगळ्या, करपणे नाही. पाणी निघते ते स्वच्छ, रंगहीन, धुराशिवाय, आणि वेळही कमी लागतो. भट्टीपुढे दिवसभर भाजत बसावे लागत नाही. परदेशी गिऱ्हाइकाला तेच आवडते. मडक्याचे पाणी जास्त करून ओमानी माणसेच मागतात. फलजाचे पाणी कोरड्या वर्षांत कमी पडते, तरुण मुले मस्कतला नोकरीस जातात, आणि वादी बनी हबीबसारखे जुने गाव तर ओसाड पडून आहे. प्रवासी तेथे मोडक्या घरांचे फोटो काढायला जातात.

जुने तेवढे सोने असे आम्ही म्हणत नाही. स्टीलचा भबका आम्हीही घेतला असता. पण आपल्याला गावोगाव ‘शनवार तेली’ हे नाव ज्या घाण्यामुळे मिळाले, तो घाणा आज जुंपता येईल असा माणूस दिमोनापासून अश्दोदपर्यंत आम्ही विचारून पाहिला. कोणी सापडला नाही. ज्यांनी घाणा पाहिला असे दोघे मिळाले. एकाला बैल आठवतो, दुसऱ्याला पेंडीचा वास. लाट कोणत्या लाकडाची, घाणीत तीळ किती, पाण्याचा हबका कधी मारायचा, हे सांगणारा कोणी नाही. दोन पिढ्यांत विद्या गेली आणि नाव मागे राहिले. जबल अख्दरवर अजून मडके बसवणारे हात आहेत, म्हणून आम्ही त्याची कृती वर एवढी बारकाईने लिहिली. वाचकांपैकी कोणाला घाण्याची अशीच कृती ठाऊक असेल तर ती कृपया संपादकांकडे लिहून पाठवावी, लेखन कच्चे असले तरी चालेल.

खरेदी करणाऱ्यांसाठी चार शब्द. बाटलीवर गुलाबाचा ‘अर्क’ किंवा ‘ऊर्ध्वपातित’ असे काही लिहिले आहे की नुसते पाणी आणि सुगंधी द्रव्य, हे नातवंडांकडून वाचून घ्यावे. खऱ्याचा वास नाकात भसकन शिरत नाही, हळू येतो आणि हळू जातो. उघडल्यावर थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. डोळे चुरचुरले की गुलाबपाणी घालण्याची आपली जुनी सवय मात्र सोडावी; ही बाटली खाण्यासाठी असते, डोळ्यांसाठी निर्जंतुक केलेली नसते, आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये. ब्रँडीने अंगात ऊब येते हेही खरे नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, म्हणून गरम वाटते, आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाही घेऊ नये. आणि ब्रँडी द्राक्षांची असल्यामुळे तिला वाइनचेच सर्व नियम लागतात, हेख्शेर पाहूनच घ्यावी. व्हिस्की पेसाहला चालत नाही, कारण ती धान्याची. ब्रँडी द्राक्षांची, म्हणून पेसाहचे हेख्शेर असलेली मिळाली तर सेदेरनंतर घरात ठेवायला हरकत नाही.